पाना घट्ट लागला, पण बोल्ट घट्ट झाला का?

आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या पोटाखाली, चिखलात आणि धुळीत बसलेला बोटभर लांबीचा बोल्ट, आणि त्याचे आटे खराब झाले तर काय करायचं, हे आज बोलू या.

गटातल्या बायकांना बोल्टाचं काय करायचंय, असं कुणी विचारेल. पण गाडी आता आपल्या दारात उभी आहे. २०१७ साली केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना सुरू केली. बचत गटातल्या बाईने प्रवासी गाडी घ्यावी आणि गावच्या वाटेवर चालवावी, यासाठी तिला साडेसहा लाख रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची सोय त्यात होती. कुणी योजनेतून गाडी घेतली, कुणी बँकेच्या कर्जातून, कुणाच्या घरच्याच गाडीवर गटाचं काम चालतं. पहाटे जाधववाडीच्या बाजार समितीत भाजी, दुपारी घाटी दवाखान्यात पेशंट, संध्याकाळी शहरातून माल. हप्ता आपण भरतो, गाडीत बसतोही आपणच. मग दुरुस्तीतलं चार गोष्टींचं ज्ञान आपल्याला हवंच.

समजा, खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आवाज येतो म्हणून गाडी शॉकअप बदलायला टाकली. दोन तासांनी गॅरेजमधून फोन येतो, "ताई, बोल्टाचे आटे गेलेत. तसाच बसवून देऊ का? टाइट बसतोय, काही होत नाही." इकडे गाडी उद्या पहाटे भाजीला जायची आहे. आता "हो" म्हणायचं की "थांबा" म्हणायचं? या एका प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं, एवढ्यासाठी आजची ही बातचीत.

बोल्ट नेमकं काय काम करतो?

चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी, आणि रस्त्याचा धक्का पोटात घेणारी जी सगळी जुळणी असते, तिला सस्पेन्शन म्हणतात. स्प्रिंग, शॉकअप, खालचा आर्म, बॉल जॉइंट, रबरी बुश हे सगळं त्यात आलं. आपल्या भागात हे काम नवं नाही. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना आला, आणि ज्या वाळूजला आपली मुलं-मुली कामाला जातात तिथल्याच एन्ड्युरन्स कंपनीत दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांचे शॉकअप बनतात. हे सारे भाग एकमेकांना धरून ठेवतात ते बोल्ट आणि नट.

आपल्याला वाटतं, खुंटीला पिशवी अडकवावी तसे भाग बोल्टाला अडकलेले असतात. तसं नसतं. नट आवळला की बोल्ट केसाएवढा ताणला जातो. बाजेची सुंभं ताणून बांधली की बाज कशी कडक होते, तसंच हे. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. त्या दाबामुळे भाग जागचे हलत नाहीत. ताण कमी पडला की भाग थोडे थोडे सरकू लागतात, भोक झिजतं, नट सुटत जातो, आणि रोज हजारो धक्के खाऊन एक दिवस बोल्ट तुटतो. तो दिवस कुठे येईल, सांगता येत नाही. कन्नडच्या औट्रम घाटातल्या वळणावरसुद्धा येऊ शकतो.

हा ताण धरून ठेवतात ते आटे. बोल्टावर जिन्यासारखी गोल फिरत गेलेली नक्षी दिसते ना, तेच आटे. ते गेले की ताण धरायला काहीच उरत नाही.

तिरक्या झाकणाची बरणी

आता मुख्य मुद्दा. लोणच्याच्या बरणीचं फिरकीचं झाकण कधी तिरकं बसतं. अर्ध्या फेरीतच ते असं घट्ट होतं की पुढे फिरत नाही. हाताला वाटतं, मस्त बसलं. बरणी आडवी केली की तेल गळतं. म्हणजे हाताला लागलेला घट्टपणा खोटा होता. झाकण बरणीच्या तोंडावर दाबून बसलंच नव्हतं, आट्यांतच अडकून पडलं होतं.

बोल्टाचंही अगदी असंच होतं. चांगल्या, साफ आट्यांच्या बोल्टावरही आपण पान्याने जेवढा जोर लावतो, त्यातल्या दहा भागांपैकी साधारण नऊ भाग घासण्यातच जातात. काही नटाखाली, काही आट्यांत. खरोखर बोल्ट ताणायला जेमतेम एक भाग पोचतो. आटे वाकलेले, गंजलेले किंवा मातीने भरलेले असले की घासणं वाढतं आणि तो एक भागही खाऊन टाकतं. पाना घट्ट लागतो, मिस्त्रीच्या हाताला जोर लागतो, आणि बोल्ट मात्र आतून ढिलाच राहतो.

मोठ्या वर्कशॉपमध्ये टॉर्क पाना असतो. ठरलेला जोर लागला की तो 'टक्' असा आवाज करतो. छोट्या गाड्यांत शॉकअप खालच्या बाजूला जिथे जोडलेला असतो तिथल्या बोल्टांना बऱ्याचदा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर सांगितलेला असतो. आपल्या भाषेत, एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलो वजन लटकवलं तर जेवढा जोर येईल तेवढा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि तो कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायचा. पण खराब आट्यांवर हा पानाही फसतो. त्याला फक्त फिरवायला लागलेला जोर कळतो. तो जोर बोल्ट ताणण्यात गेला की घासण्यात, हे त्याला कळत नाही.

म्हणून "टाइट बसतोय" हे उत्तर पुरेसं नाही. उलट, बोटांनी फिरायला हवा तो नट सुरुवातीपासूनच पान्याने फिरवावा लागत असेल, तर ती धोक्याची खूण आहे.

"दोनच आटे गेलेत" म्हणजे कोणते दोन?

मिस्त्री म्हणतो, "दोनच आटे गेलेत, बाकी चांगलेत." हे खरंही असू शकतं. पण आपण लगेच विचारायचं, "कुठले दोन?"

नट बोल्टावर बसला की त्यातल्या सगळ्या आट्यांवर सारखा भार येत नाही. जोडलेल्या भागाला चिकटून असलेला, म्हणजे नटाच्या बुडाकडचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार घेतो. पुढचे आटे कमी कमी घेत जातात. बोल्टाच्या टोकाचे, नटाच्या बाहेर आलेले आटे तर काहीच भार घेत नाहीत, त्यांचं काम फक्त नट आत येऊ देण्याचं. म्हणून टोकाचा एखादा आटा ठोकरून वाकला असेल तर तो कानशीने किंवा डायने सरळ करून चालतं. पण जिथे नट येऊन बसतो तिथलेच आटे गेले असतील, तर तो बोल्ट गेला म्हणायचा.

आटे खराब होतात कसे?

गंज हे पहिलं कारण. ओढ्यातून, चिखलातून गाडी जाते, माती बोल्टाला चिकटून राहते, आणि पाऊस संपला तरी ओल आत टिकते.

दुसरं कारण घाई. नट किंवा बोल्ट तिरका लागला आणि तसाच पान्याने किंवा हवेच्या गनने रेटला, की एक आटा दुसऱ्याला कापत जातो.

तिसरं कारण हातोडा. अडकलेला बोल्ट बाहेर काढायला उघड्या टोकावर घाव घातला की टोक चेपून पसरतं. मग तेच पसरलेलं टोक भोकातून ओढताना आतले आटेही सोलून काढतं. ठोकायचंच असेल तर जुना नट टोकाशी सपाट होईल एवढा बोल्टावर ठेवून, वर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा धरून ठोकावं.

चौथं कारण सस्पेन्शनमध्ये फार दिसतं. चाक हवेत लटकत असतं, त्याचं वजन किंवा स्प्रिंगचा रेटा बोल्टावर आडवा पडलेला असतो, आणि त्याच अवस्थेत बोल्ट उपसला जातो. भोकाच्या कडेवर आटे घासून निघतात. जाणता कारागीर खालच्या आर्मखाली दुसरा जॅक लावून तो किंचित वरखाली करतो. दोन्ही भोकं एका रेषेत आली की तोच बोल्ट बोटांनी निघतो. बसवतानाही तसंच.

पाचवं कारण पान्याला लावलेला लांब पाइप. त्याने बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, आटे लांबतात आणि पुन्हा कधीच नीट जुळत नाहीत.

काय दुरुस्त होतं आणि काय बदलावंच लागतं?

नुसती माती आणि वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, रॉकेल आणि गंज सोडवणारं तेल पुरे. तेल लावल्यावर थोडा वेळ द्यावा लागतो. लगेच पाना घालू नये. साफ झाल्यावर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला, तर बोल्ट वाचला. बसवण्याआधी आटे कोरडे पुसायचे. कंपनीने सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस लावून आवळू नये. घासणं कमी झालं की त्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

बोल्टाचे आटे गेले असतील तर बोल्ट बदला. सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त वस्तू तीच असते. सस्पेन्शनच्या बोल्टाचे आटे कारखान्यात दाबून घडवलेले असतात, त्याने ते मजबूत होतात. त्यावर डाय फिरवून नवे आटे कापले तर धातू कमी होतो आणि बोल्ट कमजोर होतो. डाय साफसफाईला वापरावी, नवे आटे पाडायला वापरू नये.

नटाचे आटे गेले तर नट नवा. नटाच्या तोंडाशी नायलॉनचं कडं असेल तर तो एकदा काढल्यावर दरवेळी नवाच लावायचा. ते कडं नट सुटू देत नाही, आणि वापरलं की त्याची पकड कमी होते. खाचांचा नट आणि आरपार पिन असेल तर पिनही दरवेळी नवी. आणि पिनचं भोक जुळावं म्हणून नट मागे सैल करायचा नाही, थोडा पुढेच आवळून जुळवायचा.

बॉल जॉइंटच्या दांडीचे आटे गेले तर बॉल जॉइंट बदलायचा. शॉकअपच्या दांड्याचे वरचे आटे गेले तर शॉकअप बदलायचा. इथे तडजोड नाही, कारण चाक जागेवर राहणं यांच्यावरच असतं.

अवघड प्रकार एकच. बोल्ट ज्या भोकात बसतो त्या भोकातले आटे गेले तर? सांगाड्याला वेल्डिंग केलेला नट असतो, किंवा जाड ओतीव भागातच आटे पाडलेले असतात. थोडे बिघडले असतील तर त्याच मापाचा टॅप हाताने, तेल घालत, थोडा पुढे आणि थोडा मागे असा फिरवून साफ करतात. पार गेले असतील तर भोक जरा मोठं करून त्यात हेलिकॉइल नावाची पोलादी तारेची गुंडाळी बसवतात आणि मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. ही रीत खरी आहे, कारखान्यांतही वापरतात. पण भोक सरळ पाडणं आणि योग्य माप घेणं कौशल्याचं काम आहे. आपल्या शहरात चिकलठाणा, वाळूज भागात लेथवर काम करणारे कुशल हात आहेत, तो भाग त्यांच्याकडे न्यावा. मात्र चाक धरून ठेवणाऱ्या भागात ती बसवायची की भागच बदलायचा, हे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठरवायचं. शंका असेल तर भाग बदलायचा.

आता न करायच्या गोष्टी. नट बोल्टाला वेल्डिंग करून टाकायचा नाही, उष्णतेने बोल्टाचा कस जातो. आट्यांत तांब्याची तार, सुतळी किंवा नळाची पांढरी टेप घालून घट्टपणा आणायचा नाही. आटे चिकटवणारं औषध नट सुटू नये म्हणून असतं. गेलेले आटे ते भरून काढत नाही. आणि भोकात जाडसर बोल्ट रेटून नवे आटे पाडायचे नाहीत.

बोल्ट विकत घेताना

"तेवढ्याच जाडीचा द्या" असं म्हणून भागत नाही. १२ मिलिमीटर जाडीचाच बोल्ट, पण एकाच्या दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर आणि दुसऱ्याच्या दीड मिलिमीटर, असे प्रकार असतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेऱ्या आनंदाने आत जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावला की दोघांचेही आटे गेले. पूर्वी तर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं, तेव्हा कुठे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसू लागला.

दुकानात जुना बोल्ट घेऊनच जा. नवा आणि जुना शेजारी धरून एकाचे आटे दुसऱ्याच्या खाचांत बसवा आणि उजेडाकडे धरा. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत बसावेत तसे बसले, मधून उजेड दिसला नाही, तर अंतर जुळलं. लांबीही बघा, आणि आटे नसलेला गुळगुळीत भाग तेवढाच आहे का तेही बघा.

मग बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे वाचा. ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा बोल्ट तुटेपर्यंत किती ओढ सोसतो ते सांगतो. ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोचा भार. टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती हिश्शापर्यंत ताणला तरी बोल्ट परत मूळ लांबीवर येतो. .८ म्हणजे ऐंशी टक्के. जुन्यावर १०.९ असेल तर नवाही १०.९ च हवा. डोकं कोरं असलेला, पत्र्याच्या शेडला लावतात तसला बोल्ट सस्पेन्शनला चालत नाही.

फोनवर आणि गॅरेजमध्ये काय विचारायचं?

हे प्रश्न गटाच्या वहीत उतरवून ठेवा. आटे बोल्टाचे गेलेत, नटाचे की भोकातले? गेलेले आटे नट बसतो तिथले आहेत की टोकाचे? साफ केल्यावर नट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का? नवा बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच आकड्याचा आहे का? टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळणार का? पाचांपैकी एकाचंही उत्तर पटलं नाही, तर गाडी आजच्या आज सोडवायचा हट्ट करू नका. जुना बोल्ट पिशवीत घालून परत मागा आणि बिलावर नव्याची नोंद घ्या. मिस्त्री म्हणेल, "ताई, तुम्हाला काय करायचंय त्यातलं?" तर शांतपणे म्हणावं, "दादा, गाडीत आमच्याच बाया बसणार आहेत." चांगल्या कारागिराला अशा प्रश्नांचा राग येत नाही. त्यालाही घाईपेक्षा नीट काम आवडतं.

ज्या ताई स्वतः हात घालतात त्यांच्यासाठी दोन सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरायचं नाही, लोखंडी स्टँड लावायचाच. आणि शॉकअपच्या वरच्या मधल्या नटाला हात लावायचा नाही. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर जीव घेऊ शकते. ते काम स्प्रिंग दाबायचं यंत्र असलेल्या गॅरेजचंच.

बसवताना नट आधी उलटा फिरवा. आटा आट्यावरून घसरून 'टिक्' असा हलका धक्का लागतो, तिथून सुलटा फिरवा. बरणीच्या झाकणाला आपण हेच करतो. बोटांनी तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

शेवटी घरचीच एक युक्ती. काम झालं की नटावरून शेजारच्या भागापर्यंत नेलपॉलिशने एक सरळ रेघ ओढा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की वाकून बघा. रेघ अखंड आहे तर नट जागेवर आहे. रेघ तुटून सरकली, नटाभोवती तांबूस भुकटी दिसली किंवा वॉशरशेजारी नवी चकचकीत घासट दिसली, तर बोल्ट ताण धरत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकीकडूनच झिजत असेल किंवा खटखट परत आली असेल, तरी तसंच समजा. मग त्या दिवशी भाजी दुसऱ्या गाडीने जाऊ द्या. भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. एक बोल्ट आणि एक नट मधे ठेवा, प्रत्येकीने तो बोटांनी फिरवून बघा. साफ आटा हाताला कसा लागतो हे एकदा कळलं, की खराब आटा कुणी सांगावा लागत नाही.